इंजिन रंगवायला इंजिनियर कशाला?

आयटीतला माणूस हाताने काही काम करताना सापडला की त्याला एक गणित हमखास ऐकायला मिळतं. महिन्याचा पगार भागिले कामाचे तास, हा तुझा तासाचा भाव. आता गाडीचं इंजिन रंगवायला तुला लागले सोळा तास. कर गुणाकार! अरे, एवढ्या पैशात गॅरेजवाल्याने चार इंजिनं रंगवून दिली असती. मग हा उद्योग कशाला?

एवढं बोलून गणित मांडणारा विजयी चेहऱ्याने कॉफीचा घोट घेतो.

मला या गणिताचा मनापासून राग आहे. आज शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा तो राग इथे काढून घेतो.

आधी पार्श्वभूमी. आमच्या बाबांची हिरो होंडा स्प्लेंडर, २००४ सालची. पंधरा वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत काढल्यावर ती पुण्याला आली. आतून इंजिन ठणठणीत, पण बाहेरून बघवत नव्हतं. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली, क्लच कव्हरच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, फिन्समध्ये तेल आणि धुळीचा जुना राब. मार्चमधल्या दोन वीकेंडना भावाच्या मदतीने इंजिन फ्रेममधून उतरवलं आणि पार्किंगच्या एका उघड्या कोपऱ्यात स्प्रेच्या डब्यांनी रंगवलं. रंग, प्रायमर, पॉलिश पेपर, टेप, थिनर सगळं मिळून पंधराशेच्या आत. मास्क वेगळा. त्याच्यावर पुढे येतोच.

आता गणिताकडे वळू. पहिली गोष्ट, माझे शनिवार-रविवार कुणी विकत घेत नाही. मी रविवारी सोळा तास जास्त बसलो म्हणून कंपनी मला दमडी जास्त देत नाही, उलट सोमवारी स्टँडअपला 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर प्रवचन देते. म्हणजे ज्या भावाने गुणाकार चाललाय तो भाव देणारं गिऱ्हाईकच बाजारात नाही. दुसरी गोष्ट, हाच माणूस त्याच शनिवारी वेब सिरीजचे आठ भाग सलग बघतो तेव्हा हा गुणाकार कुठे जातो? मॉलमध्ये पार्किंग शोधण्यात पाऊण तास घालवला तर त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडतो? तिथे हिशोब नाही. हिशोब निघतो तो हात काळे झाले की. थोडक्यात, वेळेची काळजी हा बहाणा आहे. खरा प्रश्न काळ्या हातांचा आहे.

दुसरे टीकाकार जरा जाणते असतात. त्यांचं म्हणणं, घरी डबा मारून केलेलं काम म्हणजे जुगाड. करायचं तर पावडर कोटिंग करून घ्यावं, नाहीतर हात लावू नये. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातून मिळेल तो काळा डबा आणायचा, इंजिनवर फडकं फिरवायचं आणि फुस्स करून मोकळं व्हायचं, हा प्रकार जुगाडसुद्धा नाही, ती फसवणूक आहे. तीस सेकंदांच्या व्हिडिओत ते झकास दिसतं. पुढच्या महिन्यात रंग मऊ पडून पोपडे सुटतात तेव्हा मात्र कॅमेरा चालू नसतो.

पण मग नीट काम म्हणजे काय? तेच सांगतो, कारण डब्याला हसणाऱ्यांना यात किती डोकं लागतं याची कल्पना नसते.

एअर कूल्ड इंजिनाचं हेड सहज दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापतं. साधा स्प्रे पेंट तिथे टिकत नाही. उष्णता सोसणारा, सिलिकोन रेझिनवाला रंगच लागतो. आणि या रंगाची एक गंमत आहे. तो हाताला कोरडा लागला तरी पक्का झालेला नसतो. डब्यावर लिहिलेल्या तापमानाला तो भाजावा लागतो. तोवर पेट्रोलचा एक ओघळ आला की रंग निघालाच. भट्टी घरी नसते, म्हणून इंजिन परत बसवून त्याच्याच तापावर रंग भाजायचा. दहा मिनिटं चालू, पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, परत थंड, मग अर्धा तास. हेही उघड्या जागेत, कारण बंद पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. आणि समोर मोठा पंखा लावून, कारण हे इंजिन अंगावर वारा घेत थंड होण्यासाठी बनलंय, एका जागी उभं राहून नाही.

हे झालं शेवटचं काम. त्याच्या आधीचे बारा तास रंगाचा थेंबही उडत नाही. डिझेलने चिकटा काढायचा, मग साबणाचं पाणी, मग कोरडं करून पितळी तारेचा ब्रश. लोखंडी ब्रश नको, ॲल्युमिनियम मऊ धातू आहे, ओरखडे पडतात. मग तीनशेवीस, मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर, फिन्सच्या फटींमध्ये घडी घालून. शेवटी थिनरचा पुसा, आणि त्यानंतर उघडं बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलावरही रंग धरत नाही. ॲल्युमिनियम हवेत उघडं राहिलं की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, आणि जुना भुसभुशीत थर तसाच ठेवून रंग मारला तर रंग धातूला नाही, त्या भुकटीला चिकटतो. भुकटी सुटली की रंगही गेला. म्हणून ॲल्युमिनियमला धरेल आणि ताप सोसेल असाच प्रायमर.

मग टेप. स्पार्क प्लगचं भोक, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर लागतात ती तोंडं, ब्रीदर, गॅस्केट बसतात त्या कडा, सगळं झाकायचं. आणि इंजिन नंबर! क्रँककेसवर कोरलेला तो नंबर रंगाखाली बुजला तर गाडी नावावर करताना आरटीओत उत्तरं देत बसावं लागेल. एवढं झाल्यावर कुठे डबा हातात घ्यायचा. मिनिटभर खळखळ हलवायचा, वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवायचं, फवारा इंजिनाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पातळ कोट, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, असे तीन. एकाच जाड कोटात उरकायला गेलात की ओघळ येणार. आणि पावसाळ्यात तर नकोच. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं आणि चकचकीत काळ्यावर पांढुरकी झाक येते.

यातली कुठली पायरी जुगाड आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

आणखी एक आक्षेप, खास मेकॅनिकलवाल्या मित्रांचा: रंगाच्या थराने इंजिन तापेल. छान. निदान हा आक्षेप मोजता येतो. माझ्या रंगाचा थर साधारण साठ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. कागदावर हिशोब केला तर एवढ्या थरातून उष्णता जाताना पडणारा फरक दोन-चार अंशांच्या वर जात नाही. उलट पॉलिश केलेल्या उघड्या ॲल्युमिनियमची उत्सर्जकता ०.१ च्या आत, तर रंगाची ०.९ च्या आसपास, म्हणजे रंगवलेला पृष्ठभाग उष्णता जास्त चांगली बाहेर टाकतो. काळाच रंग हवा असंही नाही. डोळ्याला पांढरा दिसणारा रंगही इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ काळ्यासारखाच वागतो. अर्थात या सगळ्याचा फायदा थोडाच, कारण फिन्समधली बरीचशी उष्णता वाहत्या वाऱ्याबरोबर जाते. तेव्हा इंजिनाची खरंच काळजी असेल तर फिन्समधला चिखल काढा. रंगाच्या निमित्ताने तो निघाला, हाच सगळ्यात मोठा फायदा.

हे पुस्तकी ज्ञान आपल्या सगळ्यांकडे आहे. परीक्षेत उत्सर्जकतेवर सहा मार्कांचा प्रश्न आपण सोडवलाय. पण पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये काय चालायचं ते आठवा. फिटिंगचा जॉब अर्ध्या मुलांनी सीनियरकडून विकत घेतलेला, नाहीतर अटेंडंटकाकांना गोड बोलून त्यांच्याकडून घासून घेतलेला. कानस धरायची कशी हे चार वर्षांत न कळता आपण 'बॅचलर ऑफ इंजिनीअरिंग' झालो. आणि याची लाज वाटण्याऐवजी आपण तेच मोठेपण समजलो: कानस धरायला दुसरी माणसं असतात!

इथे खरं दुखणं आहे. 'दुसरी माणसं' हा शब्द आपल्या समाजात फार जुना आहे. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय. ज्याचे हात मळतात तो खालचा, ज्याचे मळत नाहीत तो वरचा. तासाच्या भावाचं आमचं गणित म्हणजे तीच जुनी उतरंड, फक्त एक्सेल शीटमध्ये भरलेली. आपल्याला वाटतं आपण अर्थशास्त्र बोलतोय.

दुसरी परंपराही आपल्याकडे आहे हो. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, आणि तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले. मग ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, आजच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मास्तरकी करणारा, शिकलेला माणूस सायकलींच्या धंद्यात पडला, तेव्हाही त्याला तासाचा भाव सांगणारे शहाणे भेटले असणारच. सुदैवाने त्याने ऐकलं नाही.

आता एक आक्षेप असा, ज्याला मी मान देतो. तुम्ही आयटीवाले सगळं घरीच करायला लागलात तर गॅरेजवाल्याने खायचं काय? रास्त प्रश्न. पण वीस वर्षांत एकदा इंजिन रंगवल्याने कुणाची चूल विझत नाही. आणि अनुभव उलटाच आहे. ज्याने स्वतः एकदा फिन्स घासल्या आहेत, तो गॅरेजमध्ये पन्नास रुपयांसाठी घासाघीस करत नाही. त्याला माहीत असतं की अडकलेला नट न तोडता सोडवणं म्हणजे काय असतं. घासाघीस करतो तो तासाच्या भावाचं गणित मांडणारा. त्याच्या लेखी स्वतःचा तास सोन्याचा आणि मिस्त्रीचा तास चिल्लर.

मास्कचंही तसंच. थिनरच्या वाफा साध्या कापडी मास्कने अडत नाहीत, एन-९५ नेही नाहीत, तो धुळीसाठी असतो. सक्रिय कोळशाची काडतुसं बसवलेला मास्क लागतो. मला तो रंगापेक्षा महाग पडला, आणि अख्ख्या कामातला सगळ्यात योग्य खर्च तोच. जवळपास गॅस किंवा काडी पेटलेली नको, कारण डब्यातला वायू भुर्रकन पेट घेतो. टू-पॅक रंग तर घरी नकोच, त्यातले आयसोसायनेट कायमचा दमा लावू शकतात. सोसायटीतल्या काकांनी वासाची तक्रार केली, ती योग्यच होती, म्हणून दुसरा वीकेंड सकाळी लवकर, वारा असताना, त्यांना आधी सांगून काम केलं.

पण तो मास्क तोंडावर चढवला तेव्हा डोक्यात आलं ते वेगळंच. ज्या पेंटिंगच्या टपरीत मला 'चार इंजिनं रंगवून' मिळणार होती, तिथला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा रुमाल बांधून दिवसभर फवारा मारतो. त्याच्या फुप्फुसांचा भाव आमच्या त्या गुणाकारात कुठेच येत नाही. काम स्वस्त पडतं ते म्हणूनच. मागच्या महिन्यात टाकीला रंग द्यायला तिथेच गेलो, तेव्हा काडतुसांचा एक मास्क घेऊन गेलो आणि त्याने सांगितलेले पैसे गुपचूप दिले. एका मास्कने जग बदलत नाही, ठाऊक आहे. पण वाफ नाकात गेल्याशिवाय मला हे सुचलंही नसतं, हेही तितकंच खरं.

असो. पाऊस संपला की हवा कोरडी होईल आणि दिवाळीची सुट्टी येईल. इंजिनच रंगवलं पाहिजे असं नाही, घरातला बंद मिक्सर खोला, सायकलची चेन काढून धुवा. आणि कुणी तासाचा भाव विचारलाच, तर त्याच्या हातात पॉलिश पेपर द्या आणि म्हणावं, बस, तीनशेवीसपासून सुरुवात कर.