विषाणू टोमॅटोचा, धसका ग्राहकाचा

रोगापेक्षा रोगाच्या नावाची दहशत कधी कधी अधिक नुकसान करते. मे 2020 मध्ये पुणे, नगर व नाशिक जिल्ह्यांतील टोमॅटो उत्पादकांनी याचा कटू अनुभव घेतला. जुन्नर, संगमनेर, अकोले या भागांत फळे एकसारखी पिकेनात. एकाच फळावर दोन-तीन रंगांचे चट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी या रोगाला 'तिरंगा' हे नाव दिले. कोरोनाने धास्तावलेल्या ग्राहकाच्या कानी 'टोमॅटोत व्हायरस' हे शब्द पडताच टोमॅटो खावा की नाही, अशी शंका उत्पन्न झाली. टाळेबंदीने आधीच गांजलेला उत्पादक दुहेरी कात्रीत सापडला.

बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेला नमुन्यांत मुख्यतः 'काकडीवरील मोझॅक विषाणू' आढळला. तो नवा नव्हता. 1916 मध्येच अमेरिकेत काकडीवर त्याची नोंद झाली होती. मिरची, भोपळा, केळी यांसह बाराशेहून अधिक वनस्पतींना तो ग्रासतो. माणसाला मात्र त्याच्यापासून रोग होत नाही. एवढी साधी गोष्ट वेळीच सांगितली गेली असती, तर अफवेला वाव राहिला नसता.

ग्राहकाची भीती अनाठायी होती. शेतकऱ्याचे संकट मात्र खरे होते, आणि आजही आहे. झाडाला विषाणूची लागण झाल्यावर औषध नाही. मावा रोगट पानातील रस काही सेकंद शोषतो आणि तितक्याच त्वरेने शेजारच्या झाडाला रोग देतो. फवाऱ्याने मावा मरण्यापूर्वीच त्याने आपले काम केलेले असते. म्हणजे फवारणीवर फवारणी करून खर्च तेवढा वाढतो. उपाय आहे तो प्रतिबंधाचा: किडरोधक जाळीत वाढविलेली निरोगी रोपे, बांधावरील तणांचा नायनाट, शेताभोवती मक्याच्या दाट ओळी आणि पहिले रोगट झाड दिसताच ते उपटून टाकणे.

परंतु रोग कोणता, हेच कळले नाही तर शेतकऱ्याने करावे काय? पुण्यात 1907 पासून कृषी महाविद्यालय आहे. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. असे असता नारायणगावच्या पानाचे निदान नारायणगावातच, आणि तेही पीक हातचे जाण्यापूर्वी व्हावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. रोपवाटिकांची काटेकोर तपासणी आणि तालुक्याच्या ठिकाणी निदानाची सोय यांवर होणारा खर्च वाया गेलेल्या एका हंगामापेक्षा खचितच कमी असेल. विज्ञान बांधावर वेळेत पोहोचले नाही, तर तेथे अफवा आधी पोहोचते.