वारा सोलापूरचा, पाणीही सोलापूरचंच

जूनच्या दुपारी विजापूर रोडवरून गाडी नेताना हेल्मेटसकट मान एका बाजूला ढकलणारा वारा तुम्हाला चांगलाच माहीत आहे. डोळ्यांत धूळ जाते, गच्चीवरचे कपडे शेजाऱ्याच्या अंगणात सापडतात आणि आपण त्याला शिव्या घालून मोकळे होतो. पण असलाच वारा पकडायला लोक पैसे मोजून गोव्याला जातात. फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि इंजिनाशिवाय पाण्यावरून सुसाट सुटायचं. याला विंडसर्फिंग म्हणतात. हा खेळ सोलापुरात होऊ शकतो, असं माझं ठाम मत आहे. फक्त ‘उजनी मोठी, म्हणून उजनी’ अशा हिशेबाने जागा ठरवली तर कुणाचा तरी जीव जाईल.

‘समुद्र कुठंय बे आपल्याकडे?’ हा प्रश्न येणारच. तर भोपाळलाही समुद्र नाही. तिथल्या तलावावर शिकलेल्या, देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या नेहा ठाकूरने हांगझूच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये शिडाच्या बोटीत रौप्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत एबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये ब्राँझ आणलं. हैदराबादमध्ये ऐन शहरात, हुसेनसागरवर, शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात. आणि हैदराबाद आपल्याला काही लांब नाही.

आता जागेचं. परातीत पाणी घ्या आणि एका कडेवरून फुंकर मारा. तुमच्याजवळच्या कडेला पाणी जवळजवळ सपाट राहतं, पलीकडच्या कडेला तरंग आपटतात. तलावातही हेच होतं. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब धावतो, तितक्या लाटा वाढतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. म्हणजे सपाट पाणी हवं असेल तर पश्चिमेचा काठ गाठायचा. इतकं सोपं.

पण खरी मेख पुढेच आहे. त्या काठावर उंच झाडं, इमारत किंवा टेकडी असेल तर वारा तिच्यावर आदळतो, फाटतो आणि पाण्यावर तुकड्यातुकड्यांनी उतरतो. एक क्षण शीड लुळं पडतं, दुसऱ्या क्षणी हिसका. हा हिसका किती असतो ते बघा : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात आरामात उभा असलेला माणूस ३० च्या झोतात शिडासकट पुढे फेकला जातो. ढोबळ हिशेब असा की अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत वारा बिघडलेला असतो, बऱ्याचदा त्याहूनही जास्त. उजनीच्या काठावर पार पाण्यापर्यंत ऊस आहे. दहा फुटी ऊस असेल तर काठापासून शंभर फूट तरी वाऱ्यावर विसंबू नका. वेड्या बाभळींचंही तेच.

म्हणून सगळ्यात चांगली जागा कोणती? वाऱ्याच्या बाजूला बसका, उघडा काठ असलेली. मातीचा बुटका बांध किंवा झाड नसलेलं माळरान. लाट अडते, पण वारा वरून सरळ घसरत येतो. ज्या उजाड माळाला आपण जन्मभर नावं ठेवली, तो इथे कामाला येतो की!

दुसरी मेख जास्त धोक्याची आहे. पश्चिम काठावर पाणी सपाट असतं, कारण वारा काठाकडून आत वाहतो. म्हणजे नवखा माणूस शीड पाडून बसला की तो हळूहळू आतच जाणार. उजनीच्या मोठ्या पात्रात ‘आत’ म्हणजे कित्येक किलोमीटर पाणी. छोट्या तलावात मात्र तुम्ही फार तर समोरच्या काठाला लागता आणि फळी डोक्यावर घेऊन चालत परत येता. अपमान होतो, पण घरी पोचता. म्हणून शिकण्यासाठी माझं मत हिप्परग्याला. इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये पुरा झालेला हा एकरुख तलाव तुळजापूर रोडला, शहरापासून जवळ आहे. कंबर तलाव त्याहून जवळ, पण तो लहान आहे, झाडांनी वेढलेला आहे आणि जलपर्णी आली की फळीखालचा पर त्यात अडकून बसणार. सिद्धेश्वर तलावाचा तर विषयच नको, तो देवाचा आहे.

उजनीचा पर्याय मी बाद करत नाही. ११७ टीएमसीच्या या धरणाला अनेक अरुंद फाटे आहेत. वाऱ्याला आडवा पसरलेला फाटा सापडला तर पाणीही सपाट आणि समोरचा काठही जवळ. पण जूनमध्ये वारा जोरात असतो तेव्हा उजनी ‘वजा’त असते. गाळ, जुनी खोडं, पडक्या भिंती वर आलेल्या असतात. पळसदेवचं मंदिर बाहेर आलं म्हणजे आपण फोटो काढतो. त्याच पातळीला बाकी काय काय पाण्याच्या वीतभर खाली लपलंय ते मच्छिमारांनाच ठाऊक. जाळी कुठे लावलीत तेही त्यांनाच विचारा. ऑगस्ट चांगला, पुण्याकडून पाणी येऊन पातळी वाढते आणि वारा अजून टिकून असतो. फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात, त्यामुळे पक्ष्यांशीही भांडण नाही. (पाण्याच्या हिरव्या रंगाबद्दल पुणेकरांना विचारा. तेच पाणी आपण पितोही, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मे महिना मात्र नको म्हणजे नको. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. ती सहलीची बोट नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्या लोकांची होती. वळवाचा ढग फुटतो तेव्हा त्यातून थंड हवा खाली आदळते आणि चारी बाजूंना पसरते. काही मिनिटांत वाऱ्याची दिशाही उलटू शकते. मग सकाळी निवडलेला सपाट काठच लाटांचा काठ होतो. काळा ढग दिसला, अचानक गार झुळूक आली, की पाण्याबाहेर. अॅप काहीही म्हणो.

म्हणूनच ‘चला पोरांनो, बोर्ड भाड्याने आणू’ असं मी म्हणणार नाही. उजनीच्या जलपर्यटनाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर जेट-स्की आणि रिसॉर्ट येतात. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. आपल्या विद्यापीठाने जलसंपदा विभागाची परवानगी काढून हिप्परग्यावर एक छोटं शीडकेंद्र सुरू करावं : चार बोर्ड, शिकलेला प्रशिक्षक, एक बचाव बोट, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि काठावर एक वाऱ्याची पिशवी. बचाव बोट नसेल तर बोर्डही नकोत. मच्छिमारांच्या पोरांना शिकवण्यात पहिला नंबर द्यावा, कारण हे पाणी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तोवर एक काम फुकटात होतं. जूनमध्ये दोन-तीनदा हिप्परग्याला जा, एकदा सकाळी सातला, एकदा दुपारी तीनला. पाण्यात उतरू नका. काठावरूनच बघा : गडद पट्टे पळत येतात ते वाऱ्याचे झोत. पांढरे तुरे दिसले की वारा ताशी साधारण वीसच्या वर गेला. तुरे कुठे सुरू होतात आणि त्यांच्या अलीकडे पाणी किती दूरवर सपाट राहतं, ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा. परवानगीच्या अर्जाला जोडायला तो कागद लागेल.