विश्लेषण : गोधडी पहिल्यांदाच प्रदर्शनात, किंमत कापडाची लावायची की हातांची?

दिवाळी जवळ आली की गावोगावी बचत गटांची प्रदर्शने भरतात. मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’ किंवा पुण्यातील ‘भीमथडी जत्रा’ ही अशा प्रदर्शनांतली मोठी नावे, मात्र ती दिवाळीनंतर भरतात. पण बहुतेक महिलांची सुरुवात तालुक्याच्या मंगल कार्यालयातील दोन दिवसांच्या स्टॉलपासूनच होते. घरच्यांसाठी वर्षानुवर्षे गोधड्या शिवणारी महिला तिथे पहिल्यांदा उभी राहते, तेव्हा खरा प्रश्न असतो किमतीचा. बहुतेकदा ती फार कमी लावली जाते.

गोधडी स्वस्त का समजली जाते?

जुन्या साड्या, धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून हाताने धावदोरा घालत गोधडी शिवली जाते. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. कापड घरातले आणि शिवण कामातून उरलेल्या वेळेतली, त्यामुळे दोन्ही फुकटच धरण्याची सवय घराला लागली. प्रदर्शनात तीच सवय ग्राहकाकडे आणि अनेकदा शिवणारीकडेही दिसते.

हिशेब काय सांगतो?

समजा, एका मोठ्या गोधडीला रोज ४ तास याप्रमाणे २० दिवस लागले. म्हणजे ८० तास. दोरा, अस्तर आणि स्टॉलच्या भाड्यातला वाटा मिळून ८०० रुपये खर्च झाला. गोधडी १,५०० रुपयांना विकली, तर हातात ७०० रुपये उरतात, म्हणजे तासाला ९ रुपयांहूनही कमी. तासाला केवळ ५० रुपये धरले, तरी किंमत ४,८०० रुपये होते. हा आकडा ऐकून ग्राहक दचकेल, पण पहिला आकडा ऐकून कुणी दचकत नाही, हे जास्त गंभीर आहे.

एवढी महाग गोधडी विकली जाईल का?

लहान प्रदर्शनात कदाचित नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या मशीनच्या रजईशी किमतीत स्पर्धा करणे शक्यही नाही. मात्र त्यासाठी मोठी गोधडी पडेल त्या भावात देणे हा उपाय नव्हे. ती दर्शनी भागात टांगावी आणि तिच्यावर मागणी नोंदवून घ्यावी. विक्रीसाठी बाळाची दुपटी, आसने, पिशव्या, उशीचे अभ्रे असे कमी तासांचे काम ठेवावे. पहिल्याच प्रदर्शनात पाडलेला भाव पुढच्या वर्षी वाढवणे कठीण जाते. शेजारच्या स्टॉलवरील महिलेलाही तोच भाव ऐकवला जातो.

मांडणी कशी असावी?

घडी घालून रचलेल्या गोधडीचे काम दिसत नाही. मागच्या बाजूला वरच्या कडेला कापडाची नळी शिवून तिच्यातून काठी घातली, तर वजन सगळीकडे सारखे पडते. चिमटे किंवा खिळे लावल्यास जुने कापड फाटू शकते. हातशिलाई मागूनही दिसते, त्यामुळे एक कोपरा उलटून ठेवावा. रंग जातो का, हे ओले पांढरे फडके घासून आधीच पाहावे. कापड जुने असेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

चिठ्ठीवर काय लिहावे?

शिवणारीचे नाव, गाव, माप, किती थर, किती तास आणि धुण्याची पद्धत. यात नाव सर्वांत महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये अमेरिकी गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तेव्हा बहुतेक गोधड्या कुणी शिवल्या हे ठाऊक नव्हते. अलाबामातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय महिलांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि त्यानंतर व्हिटनीत मांडल्या गेल्या, त्या मात्र शिवणाऱ्यांच्या नावांसह. आपल्याकडे अजूनही अनेक स्टॉलवर फक्त गटाचा फलक असतो.

आयोजकांची जबाबदारी काय?

स्टॉलचे भाडे कमी ठेवणे पुरेसे नाही. टांगायला जागा, पुरेसा उजेड आणि किंमत ठरवण्याचे एका दुपारचे प्रशिक्षण एवढे तरी द्यायला हवे. यूपीआयचा क्यूआर कोडही शक्यतो शिवणाऱ्या महिलेच्या स्वतःच्या खात्याचा असावा. उद्घाटनाच्या भाषणात ‘नारीशक्ती’चा गौरव होतोच, पण त्या ८० तासांचे पैसे कुणाच्या खात्यात गेले, यावरच प्रदर्शनाचे यश मोजायला हवे.