दंडुका नव्हे, ओळख!

दंगा पेटल्यावर बंदुका आणणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. यंत्रमागांच्या भिवंडींत १९७० सालीं व पुन्हां १९८४ सालीं हिंदु-मुसलमानांचें रक्त सांडलें. पुढें १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत कमिट्या बसविल्या. त्यांत दोन्ही धर्मांचीं साधीं माणसें व पोलीस एकत्र बसत. बारीकसारीक भांडणें तेथेंच मिटूं लागलीं; शिपाई लोकांना नांवानिशीं ओळखूं लागला. डिसेंबर १९९२ मध्यें बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतरच्या दंग्यांत मुंबईंत सुमारें ९०० माणसें मेलीं. भिवंडी मात्र शांत राहिली.

मग हा धडा गांवोगांव कां गिरवूं नये? दंग्यांत मरतो तो मजूर, हातगाडीवाला; चिथावणारे पुढारी माडीवर सुखरूप असतात. म्हणून शांततेची खरी चाड गरिबाला! पण चौकींत खुर्ची मिळते ती पुढाऱ्याला. कमिट्यांत अशांचीच भरती झाली, तर त्या कागदावरच राहतील, असें आम्हांस स्पष्ट वाटतें. बंधूंनो, दंग्याची वाट पाहूं नका. आपल्या मोहल्ल्याची कमिटी आजच मागा, आणि तींत स्वतः बसा!