म्हातारपणाला दोष देऊ नका, कारण शोधा!

"आता वय झालं, असंच व्हायचं." पन्नाशी-साठीच्या माणसाने बोलणे कमी केले, जेवणावरची वासना गेली, रात्री जागून निघू लागल्या की आपल्या वस्तीत हेच ऐकू येते. डॉक्टर झोपेची गोळी लिहून देतो. कोणी 'मागच्या जन्माचे भोग' म्हणतो. आणि आपण, चळवळीतली शिकलेली पोरं, काय म्हणतो? "खचू नका, तुम्ही बाबासाहेबांची लेकरं आहात." या तिन्ही उत्तरांना माझा विरोध आहे. तिसऱ्याला सगळ्यात जास्त.

आधी आकडे बघा. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 'लासी' हे देशव्यापी सर्वेक्षण केले. 45 वर्षांवरील 72 हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले. साठीपुढच्यांकडे लक्षणांची चौकशी केली तेव्हा 8.3 टक्के लोकांत नैराश्य दिसले. पण डॉक्टरने तसे निदान केले आहे, असे सांगणारे निघाले फक्त 0.8 टक्के. दहा पटींचा फरक! बाकीचे 'वय झालं' या खात्यावर जमा.

तज्ज्ञ जोखमीच्या घटकांची यादी देतात. कमी शिक्षण, गरिबी, वैधव्य, एकटेपणा, मधुमेह-हृदयविकार-सांधेदुखीसारखे जुनाट आजार, दिसणे-ऐकणे कमी होणे, पोटभर अन्न नसणे, बाई असणे. यादी खरी आहे, पण ती जिथे थांबते तिथून आपला प्रश्न सुरू होतो.

ही यादी घेऊन बौद्धवाड्यात या, मातंग वस्तीत या. आजीचे शिक्षण कमी का? आजोबांच्या नावावर गुंठाभर जमीन का नाही? सफाई कामगाराची छाती पन्नाशीतच का भरून येते? ऊसतोड करणाऱ्या बाईचे कंबरडे चाळिशीत का मोडते? बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा बाईला पुढे कंबरदुखी, निद्रानाश आणि उदासी आली, तर तिला 'रजोनिवृत्तीचा त्रास' म्हणून घरी पाठवायचे? जातिव्यवस्थेने आयुष्यभर जे लादले, त्याचीच बेरीज म्हातारपणी या यादीत छापून येते. मग जातीचे नाव मात्र कुठेच का नसते?

कोणी म्हणेल, "नैराश्याला जात नसते." बरोबर! आजार कोणालाही होतो, औषधही सगळ्यांना लागू पडते. पण ओझे सगळ्यांच्या डोक्यावर सारखे नाही आणि दवाखान्याचा रस्ताही सारखा नाही. 60 ते 79 वयाच्या गरीब वृद्धाच्या पेन्शनमध्ये केंद्र सरकारचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ महिना 200 रुपयांवर अडकला आहे. एवढ्यात तालुक्याला जाऊन यायचे भाडे तरी सुटते का?

आता स्वतःकडे बघू. आमच्या वस्तीतले एक काका नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेले होते. दर 14 जानेवारीला आम्ही त्यांना शाल देतो, फोटो काढतो. बाकी वर्षभर त्यांचे दार कोणी वाजवत नाही. दोन वर्षांपूर्वी ते मला म्हणाले, "बाळा, कशातच जीव लागत नाही रे." मी ऐटीत उत्तर दिले, "काका, तुम्ही पँथर. तुम्ही असं बोलायचं नसतं!" त्यानंतर ते मला काहीच बोलले नाहीत. त्यांचे तोंड मी बंद केले, आणि तेही चळवळीच्या नावाने.

रडणे म्हणजे गद्दारी, हे आपल्याला कोणी शिकवले? जातीमुळे बडोद्यात डोक्यावरचे छप्पर गेले तेव्हा आपण रडलो, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बुद्धाने दुःख नाकारले नाही, दुःखाला कारण असते असे सांगितले. दुःखाला 'भोग' म्हणणे हा कर्मविपाक झाला आणि 'खचू नका' म्हणून झटकणे हा आळस. धम्म दोन्हीकडे नाही.

म्हणून विहारातून कामाला लागा. वर्षावासात ग्रंथ ऐकायला जी म्हातारी माणसे येतात, त्यांना विचारा: झोप लागते का? भूक आहे का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे का? उत्तर 'हो' आले, तर त्यांना एकटे न पाठवता सोबत सरकारी रुग्णालयात न्या. मरणाच्या गोष्टी कोणी बोलत असेल तर त्याच दिवशी न्या, तोवर त्या माणसाला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 18 ने जातीच्या भेदभावाशिवाय उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. रुग्णालयात डॉक्टर किंवा औषध नसेल तर लेखी तक्रार करा, मोर्चा काढा. चष्मा, श्रवणयंत्र आणि पेन्शनवाढ या मागण्या आपल्या निवेदनांत स्मारकाच्या मागणीइतक्याच वर आल्या पाहिजेत.

मी मागच्या महिन्यात काकांच्या घरी गेलो. माफी मागितली. पुढच्या सोमवारी आम्ही दोघे दवाखान्यात जाणार आहोत.

तुमच्या वस्तीतले काका कोण आहेत?

जय भीम!