रापलेले विमान

आपल्या घरांत नवेपणाला मोठा मान असतो. फ्रिजवरचे प्लॅस्टिकचे आवरण वर्षानुवर्षे निघत नाही, रिमोटला पिशवी घातली जाते, सोफ्यावर चादर आणि त्या चादरीवर आणखी एक चादर असते. शोकेसमधल्या वस्तूंना तर हात लावायचीही बंदी. अशा घरात कुणी महिनाभर खपून एक चिमुकले लढाऊ विमान जोडले, रंगवले आणि मग मीठ, कोळशाची पूड व जुना टूथब्रश घेऊन ते मुद्दाम मळवायला बसले, तर घरच्यांनी काळजीने पाहावे यात नवल नाही. माझ्या या छंदाबद्दल चंद्रपुरात मला बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला आहे : ‘एवढे छान झाले होते, मग खराब कशाला केले?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र छंदापुरते नाही.

या मळवण्याला जगभरचे छांदिष्ट ‘वेदरिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे : रापणे. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचा चेहरा रापतो, तो काही घाणेरडा होत नाही. त्यावर त्याच्या कामाचा हिशेब उमटतो. विमानही असेच रापते. आपण फक्त ते लहान आकारात रापवायचे असते.

किती लहान? या छंदात रूढ असलेले एक प्रमाण १:७२ हे आहे. म्हणजे सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो. मिग-२१ च्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी सुमारे सव्वासात मीटर. ती या प्रमाणात जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. विमान तळहातावर मावते. पण याच हिशेबाने प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा होतो. हात जरा जड पडला की विमान रापलेले न दिसता भंगारातून आणलेले दिसते.

मिग-२१ चे नाव घेतले ते उगाच नव्हे. मराठी माणसाला जवळचे असे दुसरे लढाऊ विमान नाही. १९६३ मध्ये ते हवाई दलात आले आणि पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची बांधणी झाली. १९७१ च्या युद्धात या विमानांनी १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे स्टारफायटर पाडले आणि १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर अग्निबाणांचा मारा केला. दोनच दिवसांनी पाकिस्तानी फौज शरण आली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला या विमानाला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षांची नोकरी झाली.

१९७१ चे मिग रापवायला घेतले की एक गोष्ट लक्षात येते. ही विमाने आली तेव्हा लखलखीत चंदेरी होती. उघड्या धातूचे विमान धावपट्टीवर उन्हात आरशासारखे चमकते आणि शत्रूला लांबून दिसते. म्हणून युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर घाईघाईने हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले, तेही सगळीकडे एकाच नमुन्याने नव्हे. घाईचा रंग लवकर उडतो आणि खालची चांदी डोकावू लागते.

हे दाखवायची युक्ती सोपी आहे. आधी सगळे विमान चंदेरी रंगवायचे. ते वाळले की थोडे ओले करून जिथे रंग उडालेला हवा तिथे मिठाचे कण चिकटवायचे. ते सुकले की वरून हिरवा-तपकिरी मारायचा, आणि शेवटी ओल्या ब्रशने मीठ खरवडून काढायचे. मिठासोबत वरचा रंग निघतो, खालची चांदी उघडी पडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावे लागते. पारा ४६-४७ वर गेला की फवाऱ्याचा रंग विमानावर पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

खरा अभ्यास पुढे आहे. चांदी कुठे उघडी पाडायची? चालक आणि तंत्रज्ञ जिथे चढतात-उतरतात त्या कॉकपिटच्या कडांशी, रोज उघडाव्या लागणाऱ्या झाकणांच्या स्क्रूंभोवती. नाकाच्या शंकूवर मात्र चांदीचा एकही ठिपका नको. त्याच्या आत रडार असते, रडारच्या लहरी पार जाव्यात म्हणून तो शंकू धातूचा नसतोच. तिथे चांदी दिसली तर कारागिराने विचार न करता ब्रश फिरवला हे लगेच कळते. इंधन भरायच्या तोंडापाशी ओघळ, पोटाखाली बसवलेल्या तोफेमागे काजळी, शेपटीच्या नळकांड्यावर तापून आलेली निळसर-तपकिरी झाक. प्रत्येक डागाला कारण हवे. कारण सांगता आले नाही, तर तो डाग नसतो, नुसती घाण असते.

हे शिकायला चंद्रपूर-गडचिरोलीइतकी चांगली शाळा नाही. दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणींकडून येणारा कोळशाचा ट्रक पाहावा. काळी भुकटी सपाट पत्र्यावर टिकत नाही, वारा ती उडवून नेतो. ती साठते सांध्यांत, बिजागऱ्यांत, रिव्हेटच्या भोवती. सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक लाल, पण चाकांमागे गडद आणि टपावर फिके. अहेरी-सिरोंच्याकडून आलेल्या एसटीच्या अंगावर पावसाळ्यात खालपासून खिडक्यांपर्यंत चिखलाचे शिंतोडे असतात, आणि दाराशी, जिथे रोज शेकडो हात लागतात, तिथला रंग झिजून गुळगुळीत झालेला असतो. ज्याने ही एसटी नीट पाहिली, त्याला विमान रापवणे अवघड नाही.

आता खरा आक्षेप. काही जण म्हणतात, युद्धाची खेळणी कशाला करायची? मुलांच्या हाती संहाराचे यंत्र सुबक करून का द्यायचे? या जिल्ह्यांत हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. जखमींना नेणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज जिथल्या मुलांना ओळखू येतो, तिथे उडत्या यंत्रांचे नुसते कौतुक पुरत नाही. शिवाय या छंदाचा इतिहासही निरागस नाही. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने आपली-परकी विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी शाळकरी मुलांकडून १:७२ च्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या होत्या.

आक्षेप मला मान्य आहे, पण तो चकचकीत विमानाला लागू पडतो. डाग नसलेले विमान सांगते की युद्ध म्हणजे वेग, गर्जना आणि विजय. ते कुणाच्या हाताने चालले, कशाने झिजले, कुणाला परत घेऊन आले नाही, हे ते सांगत नाही. रापलेले विमान हे सांगते. कॉकपिटशी उडालेला रंग म्हणजे तिथे रोज चढणारा तंत्रज्ञ. तोफेमागची काजळी म्हणजे त्या गोळ्या कुणीतरी भरलेल्या होत्या. आपल्या भद्रावतीच्या आयुधनिर्माणीत दारूगोळ्याचे काम करणारी माणसे बाजारात, लग्नकार्यात आपल्याला भेटतात. युद्धाच्या चित्रात मात्र ती कधी दिसत नाहीत.

आणि चालकाची ती इवलीशी खुर्ची. बऱ्याच संचांत बसवायला चालकाची बाहुली मिळते, पुष्कळजण ती बसवत नाहीत. मीही खुर्ची रिकामीच ठेवतो. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला सुखोई-७ घेऊन गेले, ते परतले नाहीत. राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे यांनी आपल्या पतीच्या शोधासाठी पुढे कित्येक दशके पाठपुरावा केला. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मुलाने ‘यातला माणूस कुठे गेला?’ असे विचारले, तर तो प्रश्न कोणत्याही विजयगाथेपेक्षा मोलाचा आहे.

मिग निवृत्त झाल्यामुळे हा विषय आता घरातल्या शोकेसपुरता राहिलेला नाही. देशभर चौकाचौकांत, शाळा-महाविद्यालयांच्या आवारात जुनी लढाऊ विमाने चौथऱ्यावर उभी आहेत, आणखीही उभी राहतील. त्यांचे आपण काय करतो? समारंभ जवळ आला की नवा चकचकीत रंग फासतो. उघड्यावर उभ्या धातूला रंगाचे संरक्षण लागते, हे खरेच. पण तो रंग ते विमान ज्या रूपात उडले त्या रूपाचा असावा, खालचे सांधे आणि ठिगळे बुजवणारा नसावा. आणि चौथऱ्यावर पाहुण्यांच्या नावांबरोबर आणखी एक पाटी असावी : हे विमान कुठे बांधले, कोणत्या तुकडीत किती वर्षे राबले, त्याची देखभाल करणाऱ्यांचे काम काय होते.

घरी मुलाला विमानाचा संच आणून दिलात, तर तो जोडून रंगवून झाल्यावर थांबू नका. त्याला एसटी स्टँडवर न्या, गाडीच्या दाराशी झिजलेला रंग दाखवा आणि तो कुणाच्या हातांनी झिजला ते विचारा. मग ब्रश त्याच्या हाती द्या. विमान थोडे खराब होईल. होऊ द्यावे.