दिवा विझला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असे नव्हे

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात स्कॅनरमुळे मोठी सोय झाली आहे, आणि त्याच सोयीच्या आडून एक जुनी खोटही नव्याने शिरली आहे. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की गाडी गॅरेजला येते. मिस्त्री स्कॅनर जोडतो, बटण दाबून कोड उडवतो, दिवा विझतो आणि गिऱ्हाईक पैसे देऊन समाधानाने निघून जाते. दिवा विझला, पण दोष गेला काय? हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही आणि मिस्त्री सांगत नाही. अमेरिकेत मात्र सरकारी तपासणीच हा प्रश्न विचारते. तेथील अनुभव आपल्या गॅरेजवाल्यांनी व जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून मोटारींत ओबीडी-२ ही यंत्रणा सक्तीची आहे. गाडी चालू असताना इंजिनाचा कॉम्प्युटर धुराशी संबंधित भागांची स्वतःच परीक्षा घेतो. या परीक्षांना मॉनिटर म्हणतात. मिसफायर आणि इंधनाचे प्रमाण यांची परीक्षा सतत चालू असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर आणि टाकीतील पेट्रोलची वाफ अडवणारी इव्हॅप यंत्रणा यांची परीक्षा मात्र ठराविक परिस्थिती जुळून आली तरच होते. कोड उडवला किंवा बॅटरीची वायर काढली की या परीक्षांचे निकालही पुसले जातात. मग कॉम्प्युटर एवढेच सांगतो की परीक्षा अपूर्ण आहे.

कॅलिफोर्नियात बहुतेक गाड्यांना दर २ वर्षांनी स्मॉग चेक करून घ्यावा लागतो. त्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. २००० साल व त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत केवळ इव्हॅपची परीक्षा अपूर्ण असेल तर चालते. दुसरी एकही अपूर्ण चालत नाही. १९९६ ते १९९९ च्या गाड्यांना कोणत्याही एका परीक्षेची सूट आहे. आदल्या रात्री कोड उडवून सकाळी तपासणीला जाणाऱ्यांची वाट अशी बंद झाली. पुढे १ जुलै २०१९ पासून २०१० व नंतरच्या गाड्यांतील कायम कोडही पाहिले जाऊ लागले. हा कोड स्कॅनरने उडत नाही आणि बॅटरी काढूनही जात नाही. दोष खरोखर दूर झाल्याची खात्री पटल्यावर कॉम्प्युटर तो स्वतःच पुसतो.

या नियमावर एक तक्रार होते आणि ती खोटी नाही. ज्याने कसलीही लबाडी केली नाही, फक्त नवी बॅटरी बसवली किंवा प्रामाणिकपणे सेन्सर बदलून घेतला, त्याचीही गाडी अपूर्ण ठरते. रोजगारासाठी गाडीवर अवलंबून असलेल्या माणसाची तपासणीची फी जाते, दिवसाची मजुरी बुडते आणि नोंदणीची मुदत डोक्यावर येते. पण म्हणून नियमच चुकीचा म्हणता येत नाही. चूक आहे ती गाडी हातात देताना चार शब्द न सांगणाऱ्या गॅरेजची.

ते चार शब्द असे. गाडी रात्रभर उभी ठेवून थंड इंजिनाने सुरू करावी. टाकी पाव भागापेक्षा जास्त आणि पाऊण भागापेक्षा कमी भरलेली असावी, कारण टाकी रिकामी किंवा काठोकाठ असली तर इव्हॅपची परीक्षा सुरूच होत नाही. दोन-तीन मिनिटे इंजिन जागेवर चालू द्यावे, थोडे शहरात चालवावे, मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास एकसारख्या वेगाने काही मिनिटे न्यावे आणि ब्रेक न दाबता वेग उतरू द्यावा. प्रत्येक कंपनीची रीत थोडी निराळी असते, ती सर्व्हिसच्या पुस्तकात पाहावी. काही दिवस असे चालवूनही परीक्षा पूर्ण होत नसेल तर पुन्हा कोड उडवू नये. त्याने सारे पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिन पुरेसे तापत नाही काय, ऑक्सिजन सेन्सर बिघडला आहे काय, हे पाहावे. एका भागाचा दोष दुसऱ्याची परीक्षा अडवून धरतो.

आमचे मत असे की, परीक्षा पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसल्याशिवाय धुराशी संबंधित दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये. गाडी आधी द्यावी लागली तर बिलावर स्पष्ट लिहावे की कोड उडवला आहे, अमुक परीक्षा बाकी आहेत, गाडी चालवून पुन्हा दाखवावी आणि त्या दाखवण्याचे पैसे पडणार नाहीत.

आपल्याकडे पीयूसीच्या वेळी पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलचा काळा धूर मोजतात. म्हणून मॉनिटरशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या रस्त्यावर आल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्यांचे नियम आणखी कडक झाले, आणि या गाड्यांतही कॉम्प्युटर हीच परीक्षा घेतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत आपले हजारो तरुण या धंद्यात आहेत. कोड उडवणे आज कोणत्याही पोराला जमते. दोष शोधणे ज्याला जमेल त्याच्याच दारात उद्या गिऱ्हाईक उभे राहील.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही शहाणे व्हावे. व्यवहारापूर्वी स्कॅनर लावून मॉनिटर पाहावेत. दिवा बंद आणि बहुतेक परीक्षा अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच काही पुसले आहे. कदाचित बॅटरी बदलली असेल, कदाचित दोष झाकला असेल. विकणाऱ्याला सरळ विचारावे, काही दिवस गाडी चालू द्यावी आणि मगच पैसे मोजावेत. मालातील दोष सांगून विकणाऱ्याला भाव थोडा कमी मिळेल, पण त्याचे गिऱ्हाईक तुटत नाही. दिवा विझवून विकणाऱ्याचा नफा मात्र तो दिवा पुन्हा लागेपर्यंतच टिकतो.